सहा रिकाम्या कुंड्या

चौतीस वर्षं मी खडकीला एका कारखान्यात तपासणी खात्यात काढली. दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि मापात बसला नाही तर लाल शिक्का मारून परत पाठवायचा, एवढंच माझं काम. ते मी मनापासून केलं. निवृत्त झालो तेव्हा शिक्का कारखान्यात ठेवावा लागला, सवय मात्र घरी आली. बायकोचं म्हणणं असं की शिक्का घरी आणून सवय तिथे ठेवली असती तर दोघांचीही सोय झाली असती.

कोथरूडला आमचं बैठं घर आहे आणि त्याला तिन्ही बाजूंनी अंगण आहे. आमच्या कॉलनीत अशी घरं आता मोजकीच राहिली आहेत. अंगणाची आमच्यात न बोलता वाटणी झालेली आहे. मातीतून उगवतं ते तिचं, आणि उगवून, वाळून, गळून खाली पडतं ते माझं. पाच वर्षांपूर्वी पावसाळ्यातला चिखल घरात येतो म्हणून मी जवळजवळ सगळ्या अंगणात फरशी घालून घेतली. मोगरा, जास्वंद आणि पारिजातकापुरती आळी तेवढी सोडली. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने चाळीस कुंड्या आणल्या.

फाटकावरच्या पाट्या हेही माझंच खातं. "फुले तोडू नयेत. देव रागावेल का ते माहीत नाही, घरमालक रागावतो." ही सकाळी फिरायला येणाऱ्या भाविकांसाठी होती. एक मधल्या आळीतल्या कुत्र्याच्या मालकांसाठी होती, तिचा मजकूर इथे देत नाही. माझं अक्षर चांगलं आहे. कारखान्यातल्या सूचना फळ्यावर मीच लिहायचो.

तर गेल्या वर्षीच्या आदल्या डिसेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी बायको बंगळूरला गेली. मेच्या सुरुवातीला परत यायची होती. जाण्याआधी तिने बागेचं महिनेवार वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं. जानेवारीत मोगरा छाटायचा, राहिलेली पानं हाताने काढून टाकायची आणि पंधरा दिवस पाणी तोडायचं. फेब्रुवारीत आळी उकरून शेणखत. मार्चमध्ये जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण येतो, तो जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढायचा. एप्रिलमध्ये कुंड्या सावलीला घ्यायच्या, मातीवर पाचोळा पसरायचा, आणि दुपारी पाणी घालायचं नाही, "कितीही दया आली तरी". लेखी सूचना मला आवडतात. मी त्या कागदाला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

रिक्षात बसल्यावर तिने आणखी काहीतरी सांगितलं. मी तेव्हा रिक्षावाल्याच्या मीटरकडे पाहत होतो. मी म्हणालो, "हं."

हा "हं" मला पुढे फार महाग पडला.

जानेवारीत मी मोगरा छाटला. वेळापत्रकात "छाटणे" एवढंच होतं, माप दिलेलं नव्हतं, म्हणून मी माप ठरवलं. जमिनीपासून नऊ इंच. स्टीलची पट्टी घेऊन अकरा झाडं मी एका पातळीत आणली. समोरच्या बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या त्यांच्या गॅलरीतून अर्धा तास बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "झाडं राष्ट्रगीताला उभी केल्यासारखी दिसतायत. आता म्हणायला लावा." मी लक्ष दिलं नाही. मोगऱ्यावरून हात फिरवून पाहिला, एकही फांदी टोचली नाही.

कामाला हात लागला की मला थांबवत नाही. मोगरा झाला तसा मी उरलेल्या अंगणाकडे वळलो आणि मागच्या भिंतीपाशी मला त्या सहा कुंड्या दिसल्या. ओळीने ठेवलेल्या सहा कुंड्या, आत कोरडी माती, आणि मातीवर काही नाही. काडी नाही, पान नाही. वेळापत्रक काढून पाहिलं. त्यात सहा कुंड्यांचा उल्लेख नव्हता. ज्याचा कागदोपत्री उल्लेख नाही आणि ज्याचा उपयोग दिसत नाही, असा माल कारखान्यात आम्ही त्याच दिवशी आवाराबाहेर काढायचो.

मी सहाही कुंड्या फाटकाबाहेर नेऊन ठेवल्या आणि वर पाटी लावली. "कुंड्या मातीसकट. हव्या असल्यास न्याव्यात. एकदा नेल्यावर कोणत्याही कारणास्तव परत आणू नयेत. बेल वाजवू नये." परत आणण्याचं कलम मी अनुभवावरून घातलं होतं. मागे एकाला जुना पंखा दिला होता, तो दोन दिवसांनी पंखा आवाज करतो अशी तक्रार घेऊन आला होता.

दहा वाजता आंघोळ करून बाहेर आलो तर कुंड्या गेलेल्या होत्या. बेल वाजली नव्हती. पाटीचा इतका चोख परिणाम झालेला पाहून मला समाधान वाटलं. संध्याकाळी फोनवर मी बायकोला म्हणालोसुद्धा, "अंगण एकदम मोकळं केलंय." ती नातीला झोपवत होती. ती म्हणाली, "हं."

मार्चअखेरीला तिचा फोन आला. मोगऱ्याची चौकशी झाली. मोगऱ्याला नवी पालवी फुटून कळ्या धरायला लागल्या होत्या, ते मी जरा रंगवून सांगितलं. मग ती म्हणाली, "आणि एक तारखेपासून आईच्या कंदांना थोडं थोडं पाणी सुरू करा."

"कुठल्या कंदांना?"

"अहो, त्या मागच्या सहा कुंड्या. निघताना सांगितलं नव्हतं का, काही दिसत नसलं तरी हात लावू नका म्हणून? मे फ्लॉवरचे कंद."

मी म्हणालो, "हं."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मेहुण्यांनी साताऱ्याजवळचं घर विकलं. भांडी, कपाटं, पाटल्या, सगळ्याची वाटणी झाली. बायकोने काही मागितलं नाही. येताना तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत मातीने माखलेले, कांद्यासारखे दिसणारे सहा कंद होते. त्याला चौदा वर्षं झाली. दर मे महिन्यात त्या कंदांतून एक एक दांडा वर येतो आणि त्यावर लालभडक गोल चेंडू फुलतो. आठ-दहा दिवस टिकतो. त्या दिवसांत बायको सकाळचा चहा घेऊन त्या कुंड्यांशेजारी स्टुलावर बसते. तेव्हा तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हे मुलीलाही माहीत आहे. मे महिन्यात लाल चेंडू फुलतात हे मलाही माहीत होतं. उरलेले महिने ते कुठे राहतात याची चौकशी मी कधी केली नव्हती.

फोन ठेवला आणि मी काय करून बसलो ते ध्यानात आलं. सासूबाईंची तिच्याकडे असलेली एकुलती एक गोष्ट मी रस्त्यावर ठेवून वर "परत आणू नये" असं लिहिलं होतं. तिला सांगून टाकावं असं वाटलं, पण तिकडे तीन महिन्यांची नात, रात्रीची जागरणं, त्यात हे कशाला, असं म्हणून मी तो विचार पुढे ढकलला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. नातीचं नाव उगाच पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर नवी पाटी लागली. "जानेवारीत येथून नेलेल्या सहा कुंड्या मातीसकट परत आणून द्याव्यात. बेल वाजवावी."

मी फक्त मातीसकट कुंड्या मागितल्या होत्या. कसल्या, ते लिहिलं नव्हतं. आत काय आहे ते लिहिलं असतं तर देणाऱ्याने दिल्या नसत्या, असा माझा हिशेब. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा. पुण्यातल्या प्रत्येक घराच्या गच्चीत एक तरी मेलेलं झाड कुंडीत उभं असतं आणि ते टाकायचं कुठे हा प्रश्न असतो. माझ्या पाटीने तो प्रश्न सोडवला. पहिल्या दिवशी बेल चार वेळा वाजली. एका गृहस्थांनी तडकलेली कुंडी दिली आणि "तुमचीच ना, आठवत नाही पण असेल," म्हणाले. एकांनी वाळलेली तुळस आणून दिली, टाकायला पाप लागतं म्हणून. आठवडाभरात माझ्याकडे सतरा कुंड्या जमल्या. एकाने तर कमोड आणून ठेवला. मातीसकट.

माल आला की तपासणी आली. पण मातीच्या पोटातलं तपासायचं कसं? उकरायला जावं तर कंदाला इजा व्हायची भीती. शेवटी मी बायकोची विणकामाची सुई घेतली आणि प्रत्येक कुंडीत चार ठिकाणी हळूच खुपसून पाहिली. सुईला काही कठीण लागलं की मी तिथली माती बोटांनी बाजूला करायचो. तीन कुंड्यांत विटांचे तुकडे निघाले, एका कुंडीत प्लास्टिकचा डायनासोर निघाला. तरीही खात्री वाटेना. मग रोज सकाळी सतराही कुंड्यांना मी पाणी घालायला लागलो. कमोडलासुद्धा.

समोरच्या बाई एकदा फाटकापाशी थांबल्या. त्यांनी ओळीवरून शांतपणे नजर फिरवली. "निवृत्तीनंतर माणसाने कशात तरी मन रमवावं म्हणतात ते खरं आहे," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक फुटका माठ आहे. पाठवून देऊ?"

एप्रिल सरत आला. मोगरा असा काही फुलला की संध्याकाळी लोक फाटकापाशी थांबून वास घ्यायचे. एरवी मी छाती फुगवून सगळ्यांना नऊ इंचांचं माप सांगितलं असतं. आता तो वास आला की मला सतरा कुंड्याच आठवायच्या. त्यांच्यातून गवत सोडून काही वर आलं नव्हतं. बायको दर दोन दिवसांनी विचारायची, "कोंब आले का हो?" मी म्हणायचो, "बघतो." रोज बघतच होतो, तेवढं तरी खरं होतं.

आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी हडपसरपलीकडच्या मांजरी गावाहून एक बाई टेम्पोतून भाजी घेऊन येतात. बायको त्यांच्याकडूनच पालेभाजी घेते, मी त्या काळात बटाट्यांवर होतो. एका शुक्रवारी मेथी घ्यायला गेलो आणि रांगेतल्या कोणाशी तरी कुंड्यांचं रडगाणं गात होतो. बाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या व्हय? त्या म्या नेल्यात की."

मी मेथी तशीच टेम्पोत ठेवली.

"सहाच्या सहा?"

"टेम्पोत जागा व्हती. सुनंनं पाटी वाचली, न्या म्हनून लिवलंय म्हनली. आत कांदं निघालं. लावलं घरापुढं. झ्याक कोंब आल्यात."

"अहो, मग महिनाभर माझी दुसरी पाटी लागलीये, ती?"

"सून म्हायेरी गेल्ती. मला कुटं वाचता येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरला सहा पिशव्या आणि खुरपं लटकवून मी मांजरीला पोचलो. उसाच्या कडेला त्यांचं घर, पलीकडे बारा मजली इमारतींची नवी रांग. घरापुढे, पाण्याच्या नळाशेजारी, आखून घेतल्यासारखे एका रेषेत सहा कोंब जमिनीतून वर आले होते. अंगठ्याएवढे जाड, हिरवे. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना हात जोडले. मग खुरपं काढलं.

"ते आत ठिवा," बाई म्हणाल्या. "कोंब आल्यावर कंद हलवत्यात व्हय कुनी? औंदा फूल न्हाय यायचं. वर मरायचं बी भ्या."

मी सांगून पाहिलं की ते माझ्या सासूबाईंचे आहेत. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. पण सून माहेरून परत आली होती आणि तिची स्मरणशक्ती फार चांगली होती. ती दारातून म्हणाली, "काका, पाटीवर लिहिलं होतं ना, एकदा नेल्यावर कोणत्याही कारणास्तव परत आणू नयेत?"

"ते मी जरा रागात लिहिलं होतं."

"अक्षर तर छान होतं," सून म्हणाली.

जन्मभर मी लोकांना लेखी नियम दाखवून गप्प केलं होतं. आता माझाच नियम माझ्यापुढे आला. बाई म्हणाल्या, "फुलूं द्या. मग बघू. बाईंना घिऊन या." मी चहा पिऊन सहा रिकाम्या पिशव्या घेऊन परत आलो. वाटेत हडपसरला एका रोपवाटिकेत तसलेच कंद विकायला दिसले. मी सहा मागितलेही. त्याने ते तागडीत टाकले, आणि मला कारखान्यातला एक पुरवठादार आठवला. नापास झालेला माल नवीन खोक्यात घालून पुन्हा पाठवायचा. त्याला मी सगळ्यांसमोर काय काय बोललो होतो तेही आठवलं. मी कंद घेतले नाहीत.

बायको मेच्या पहिल्या आठवड्यात आली. चप्पल काढायच्या आधी ती मागच्या अंगणात गेली. तिथे सतरा कुंड्या आणि एक कमोड ओळीत उभे होते.

"हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. रिक्षातल्या "हं"पासून सुरुवात केली आणि काही गाळलं नाही. फोनवरचे "बघतो"सुद्धा सांगितले. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती स्टुलावर बसली आणि रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला एवढंच वाटतंय, की चौदा वर्षं तुम्ही एकदाही विचारलं नाही, यात काय आहे म्हणून." मला स्वतःची लाज वाटली.

आठवड्यानंतर भाजीवाल्या बाईंनी निरोप दिला की फुललं. आम्ही दोघं स्कूटरवरून मांजरीला गेलो. सबंध वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मागे एवढं शांत कोणी बसलं की स्कूटर नीट चालवता येत नाही.

आमच्याकडे कुंडीत फूल यायचं ते संत्र्याएवढं. इथे नळाशेजारी सहा चेंडू उभे होते ते चांगल्या नारळाएवढे. बाईंनी न विचारता एक पाट आणून टाकला आणि हातात चहा दिला. बायको बसली. मी, दोघी सासू-सुना, कोणीच बोललो नाही. कोणी सांगितलं नव्हतं, तरी.

चहा संपल्यावर ती म्हणाली, "आईकडे एवढीच असायची. नळाजवळच होती. मला वाटायचं, मी लहान होते म्हणून मोठी दिसायची." आणि मग ती रडली. भाजीवाल्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी उसाकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या फरशीचा विचार करत राहिलो.

परत निघताना सगळं दोघींनीच ठरवलं. पानं वाळली की दिवाळीनंतर तीन कंद इकडे यायचे, तीन तिथेच राहायचे. मला कोणी विचारलं नाही. घरी आल्यावर मी पहार शोधायला लागलो, तर बायको म्हणाली, "घाई नको. पावसाळा जाऊ दे."

नोव्हेंबरात मी मागच्या नळापाशी स्वतः उकिडवा बसून तीन फूट फरशी उखडली. पाच वर्षांपूर्वी गवंड्याला दहा वेळा सांगून पक्की बसवून घेतली होती, तिने सूड उगवला. समोरच्या बाई गॅलरीत होत्याच. "घातलीत तेव्हाही आवाज, काढताना त्याहून जास्त," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी लिंबाचं सरबत पाठवलं. खालची माती काळी, घट्ट आणि थंड निघाली. आम्ही दोघांनी तीत शेणखत कालवलं.

भाजीवाल्या बाईंनी ठरलेल्या शुक्रवारी कंद आणले. ठरले होते तीन, निघाले चार. एकाला बाजूने लसणाच्या कुडीएवढं पिल्लू फुटलं होतं. "परत आनू नये म्हनून पाटी हाय तुमची," त्या मला म्हणाल्या, "पन बेल वाजवली बगा." मग त्या आणि बायको हसल्या. मी पाटी जानेवारीतच काढलेली आहे हे सांगण्यात अर्थ नव्हता.

आता फेब्रुवारी चालू आहे. मोगरा छाटून झाला, यंदा पट्टी न घेता. आळी उकरायची आहेत, खताचं पोतं आलेलं आहे. नळाजवळचा तो तीन फुटांचा तुकडा सपाट आणि कोरडा आहे. वर काडी नाही, पान नाही. सकाळी चहा घेऊन मी तिथे जातो आणि आत चार आहेत, एवढं मनाशी म्हणतो.

त्या तुकड्यात एक पाटी रोवलेली आहे. घरातली ही पहिलीच पाटी जी मी लिहिलेली नाही. अक्षर बायकोचं आहे आणि ते माझ्याइतकं चांगलं नाही. पाटीचं तोंड रस्त्याकडे नाही, घराकडे आहे. तिच्यावर लिहिलंय, "अहो, इथे आई आहे."